महासत्तांचं भांडण अंगोलात कसं पोहोचलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीतयुद्धावर बोलताना गाडी बहुतेक वेळा बर्लिनची भिंत आणि क्युबातली क्षेपणास्त्रं यांच्यापाशीच थांबते. प्रत्यक्षात लढाया झाल्या त्या भलतीकडे. त्यातलं एकच युद्ध घेऊन, १९७५ ते २००२ या काळात आफ्रिकेच्या नैर्ऋत्येतल्या अंगोलात चाललेलं, नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. सोमालिया आणि इथिओपियाचा एक फेरफटकाही मध्ये आहे, कारण तो टाळला तर चित्र अर्धवट राहतं.

शीतयुद्ध 'शीत' होतं ना? मग रणगाडे, रॉकेटं कुठून आली?

शीत होतं ते युरोपात. अण्वस्त्रांच्या धाकामुळे अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर थेट चालून जाणं शक्य नव्हतं, आणि युरोपातल्या सीमा १९४५ नंतर चार दशकं जवळपास जागच्या हलल्या नाहीत. त्याच काळात कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, इथिओपिया, निकाराग्वा, अफगाणिस्तान इथे लाखो माणसं मेली. तिथे महासत्तांची शस्त्रं होती, पैसा होता, सल्लागार होते, आणि मरणारे बहुतेक स्थानिक होते.

उदाहरण म्हणून अंगोलाच का?

कारण या एका देशात अमेरिका, सोव्हिएत संघ, चीन, क्युबा, दक्षिण आफ्रिका, झैर (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) आणि पोर्तुगाल असे सगळेच कधी ना कधी येऊन गेले. आणि कोण कुणाच्या बाजूने, हे कागदावर लिहायला गेलं तर दर दोन ओळींनी खोडाखोड करावी लागते. मराठी वाचकाला आणखी एक कारण आहे. अंगोलावर राज्य करणारे पोर्तुगीज तेच, जे १९६१ पर्यंत गोव्यात होते.

मुळात भांडण कुणाचं आणि कशावरून?

पोर्तुगीजांना हाकलायचं यावर एकमत होतं. त्यांच्यानंतर सत्ता कुणाची, यावर मात्र तीन संघटनांचं कधीच जमलं नाही.

पहिली एमपीएलए. तिचं बळ राजधानी लुआंडा आणि आसपासच्या किंबुंदू भाषक भागात. शिकलेले शहरी लोक, मिश्र वंशाचे लोक, डावे विचार. नेते आगोस्तिन्यो नेतो हे पेशाने डॉक्टर आणि नावाजलेले कवी. दुसरी एफएनएलए, उत्तरेतल्या बाकोंगो समाजात रुजलेली. तिचे नेते होल्डन रॉबर्टो यांचा मुक्काम वर्षानुवर्षं शेजारच्या झैरच्या राजधानीत, किन्शासात होता, आणि तिथले सत्ताधीश मोबुतू यांच्याशी त्यांची सोयरीकही होती. तिसरी युनिटा. रॉबर्टोंशी बिनसल्यावर बाहेर पडलेल्या जोनास साविंबी यांनी ती १९६६ मध्ये काढली. तिचा पाया मध्य पठारावरच्या ओविंबुंदू समाजात, जो देशातला सर्वांत मोठा.

या तिघांत तत्त्वज्ञानाचा वाद किती आणि भाषा, प्रदेश, शहर-खेडं, व्यक्तिगत हेवेदावे किती, हे साविंबींकडे पाहून ठरवावं. १९६५ मध्ये त्यांनी चीनमध्ये गनिमी युद्धाचं शिक्षण घेतलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एमपीएलएच्या विरोधात पोर्तुगीज लष्कराशीच गुपचूप समझोता केला. पुढे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची मदत घेतली आणि १९८६ च्या जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये रोनाल्ड रेगन यांना भेटले, तेव्हा त्यांची ओळख 'साम्यवादाशी लढणारा स्वातंत्र्यवीर' अशी करून दिली जात होती. माणूस हुशार होता, यात शंका नाही.

गावाकडे बांधावरून भाऊभावांत वाद होतो, एक भाऊ या पुढाऱ्याकडे जातो, दुसरा त्या पुढाऱ्याकडे, आणि बघता बघता बांध बाजूला राहून तालुक्याचं राजकारण त्या शेतात उभं राहतं. अंगोलाचं तसंच झालं, फक्त पुढाऱ्यांच्या हातात रॉकेटं होती.

वसाहतवादाविरुद्ध बोलणारी अमेरिका पोर्तुगालला का सांभाळून घेत होती?

अझोर्स बेटांमुळे. अटलांटिकच्या मधोमध असलेल्या या पोर्तुगीज बेटांवर लाजेस नावाचा हवाई तळ आहे आणि अमेरिकेची विमानं तिथे उतरत. शिवाय पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य.

गोव्याच्या बाबतीत हे आपण पाहिलं आहे. १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणून होऊ दिला, तेव्हा दिल्लीत संताप झाला. त्याच सुमारास भारत दौऱ्यावर असलेले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव आणि बुल्गानिन यांनी गोव्यावरचा भारताचा हक्क उघडपणे मान्य केला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हा सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव पाश्चात्त्य देशांनी आणला आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून तो पाडला.

अंगोलातला सशस्त्र उठावही त्याच वर्षीचा, फेब्रुवारी-मार्च १९६१ चा. आफ्रिका आणि आशियातल्या पोर्तुगीज वसाहतींमधल्या संघटनांनी एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकात संयुक्त मंच उभारला, त्यात एमपीएलएबरोबर गोव्याचे लोकही होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांझा हे त्यातले ठळक नाव. केनेडी सरकारने सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालच्या विरोधात मतही दिलं. पण लाजेसचा करार १९६२ अखेर संपत होता. लिस्बनने तेवढ्यावर बोट ठेवून दबाव आणला आणि वॉशिंग्टनचा आवाज खाली आला.

१९७५ मध्ये नेमकं काय झालं?

सगळ्याची सुरुवात लिस्बनमध्ये. २५ एप्रिल १९७४ रोजी वसाहतींतल्या युद्धांना कंटाळलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्याच हुकूमशाहीला उलथवलं. जानेवारी १९७५ मध्ये पोर्तुगालमधल्या अल्वोर इथे करार झाला: तिन्ही संघटनांचं हंगामी सरकार, निवडणुका, आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य. कराराची शाई वाळायच्या आत अमेरिकेच्या गुप्त कारवायांच्या समितीने एफएनएलएसाठी तीन लाख डॉलर मंजूर केले. रक्कम क्षुल्लक होती, पण तिघांपैकी एकाला वेगळं काढून पैसे दिल्याचा अर्थ उरलेल्या दोघांना बरोबर कळला. सोव्हिएत शस्त्रं एमपीएलएकडे येतच होती, ती वाढली. ऑगस्टपर्यंत लुआंडाच्या रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला आणि हंगामी सरकार मोडलं.

जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी सीआयएच्या मोठ्या कारवाईला हिरवा कंदील दिला. पैसा एफएनएलए आणि युनिटाला. एप्रिलमध्ये व्हिएतनाममध्ये सायगाव पडलं होतं आणि अमेरिका अजून दमली नाही हे दाखवायची परराष्ट्रमंत्री किसिंजर यांना घाई होती. परराष्ट्र खात्याचे आफ्रिका विभागाचे प्रमुख नॅथॅनिएल डेव्हिस यांनी 'हे अंगाशी येईल' अशा अर्थाचा इशारा दिला आणि ऐकलं जात नाही म्हटल्यावर पद सोडलं.

दरम्यान सुमारे तीन लाख पोर्तुगीज रहिवासी देश सोडून निघाले. घरातलं सामान लाकडी खोक्यांत ठोकून लुआंडाच्या धक्क्यावर खोक्यांचे ढीग लागले. डॉक्टर, मेकॅनिक, ट्रकचालक, कारकून सगळे गेले. नव्या देशाकडे यंत्रं होती, ती चालवणारे हात नव्हते.

ऑक्टोबरच्या मध्यात दक्षिण आफ्रिकेची फौज आपल्या ताब्यातल्या नामिबियातून आत घुसली आणि किनाऱ्याने वर सरकू लागली. उत्तरेकडून रॉबर्टो निघाले होते. त्यांना ११ नोव्हेंबरच्या आत लुआंडा हवी होती, कारण त्या मध्यरात्री राजधानी ज्याच्या ताब्यात, सरकार त्याचं.

१० नोव्हेंबरला शहराच्या थोडं उत्तरेला किफांगोंदो इथे गाठ पडली. लुआंडाला पाणी पुरवणारं पंपिंग स्टेशन इथलंच. बेंगो नदीच्या दलदलीतून जाणारा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना चिखल. त्या रस्त्यावरून रॉबर्टोंचे लोक, मोबुतूंचे सैनिक आणि काही पोर्तुगीज भाडोत्री चिलखती गाड्यांतून पुढे आले. पाठीशी दक्षिण आफ्रिकेच्या तोफा होत्या आणि झैरने आणलेल्या उत्तर कोरियाच्या तोफाही. हो, उत्तर कोरियाच्या, आणि त्या अमेरिकेच्या बाजूने डागायच्या होत्या. समोरच्या टेकाडावर एमपीएलए आणि क्युबन तोफची होते. सोव्हिएत बीएम-२१ रॉकेटांचा मारा सुरू झाल्यावर त्या अरुंद रस्त्यावर वळायलाही जागा नव्हती. एफएनएलएचं सैन्य पांगलं ते पुन्हा धड उभं राहिलंच नाही.

त्याच दिवशी पोर्तुगीज उच्चायुक्तांनी सत्ता कुठल्याही संघटनेला न देता 'अंगोलाच्या जनतेला' दिल्याचं जाहीर केलं, झेंडा उतरवला आणि जहाजाने निघून गेले. मध्यरात्री नेतोंनी लुआंडात स्वातंत्र्य घोषित केलं. उरलेल्या दोघांनी उआंबोत आपलं वेगळं प्रजासत्ताक घोषित केलं, ते काही महिन्यांतच संपलं.

क्युबाने सैन्य पाठवलं ते मॉस्कोच्या हुकमावरून ना?

त्या काळी वॉशिंग्टनमध्ये हेच गृहीत धरलं गेलं होतं, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसंच लिहिलेलं सापडतं. नंतर खुल्या झालेल्या कागदपत्रांतून मात्र वेगळं दिसतं. दक्षिण आफ्रिकेची फौज वेगाने वर येतेय हे कळल्यावर ४ नोव्हेंबरला कास्त्रोंनी सैन्य पाठवायचं ठरवलं, मॉस्कोला आधी न विचारता. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह तेव्हा अमेरिकेशी शस्त्रकपातीची बोलणी करत होते. त्यांना आफ्रिकेतली ही भानगड नकोच होती.

मोहिमेला नाव दिलं 'कार्लोता', १८४३ मध्ये क्युबातल्या उसाच्या मळ्यात बंड करणाऱ्या गुलाम स्त्रीचं. पहिले सैनिक जुन्या ब्रिस्टल ब्रिटानिया विमानांतून, बार्बाडोस आणि गिनी-बिसाऊत थांबे घेत आले. अंगावर साधे कपडे. मॉस्कोने वाहतुकीसाठी स्वतःची विमानं दिली ती जानेवारीत, एमपीएलए टिकते हे दिसल्यावर. वसंतापर्यंत क्युबाचे सुमारे ३६,००० सैनिक अंगोलात होते. शस्त्रं मात्र सोव्हिएतच होती. ती नसती तर क्युबाचा निर्धार लुआंडाच्या धावपट्टीवरच संपला असता.

आणि चीन? तो तर साम्यवादी.

चीनचं वैर तेव्हा मॉस्कोशी होतं. त्यामुळे १९७४ मध्ये चिनी प्रशिक्षक झैरमध्ये एफएनएलएच्या तुकड्या तयार करत होते, म्हणजे सीआयएच्या मांडीला मांडी लावून. दक्षिण आफ्रिका मैदानात उतरल्यावर आफ्रिकेत नाक कापलं जाईल हे ओळखून बीजिंगने ऑक्टोबर १९७५ मध्ये माणसं काढून घेतली.

त्या नाकाची किंमत अमेरिकेला मोजावी लागली. वर्णद्वेषी फौजेच्या बरोबर दिसल्यावर नायजेरियासारखा देश नेतोंच्या बाजूला गेला. डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटने ५४ विरुद्ध २२ मतांनी अंगोलासाठीचा गुप्त निधी बंद केला. पुढच्या वर्षी 'क्लार्क दुरुस्ती' नावाच्या कायद्याने तो दरवाजा पक्का लावला. १९८५ मध्ये रेगन यांच्या काळात ती दुरुस्ती रद्द झाली आणि साविंबींना विमानं पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रं मिळू लागली.

अमेरिकन तेल कंपनीला क्युबन सैनिक संरक्षण देत होते, ही दंतकथा आहे का?

नाही. काबिंडा हा अंगोलाचा तुकडा मुख्य भूमीपासून तुटून काँगो नदीच्या मुखापलीकडे आहे, आणि देशाचं बरंचसं तेल तिथल्या समुद्रात. १९७५ मध्ये तिथे अमेरिकेची गल्फ ऑइल काम करत होती. वॉशिंग्टनच्या दबावाखाली तिने काही महिने स्वामित्वधन थांबवलं, १९७६ मध्ये पुन्हा सुरू केलं. पुढे गल्फ शेव्हरॉनमध्ये विलीन झाली, कामात खंड पडला नाही.

म्हणजे हिशोब असा: अमेरिकन कंपनी तेल काढते, त्याचे डॉलर मार्क्सवादी सरकारला मिळतात, त्यातून सोव्हिएत शस्त्रांचे आणि क्युबाच्या मदतीचे पैसे दिले जातात, ती शस्त्रं अमेरिकेच्या मित्राशी म्हणजे साविंबींशी लढतात. मे १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो मालोंगोचे तेलसाठे उडवायला समुद्रामार्गे काबिंडात उतरले. अंगोलाच्या सैनिकांनी त्यांना गाठलं, दोघे मारले गेले, कॅप्टन विनांड दु टॉइट पकडला गेला. कम्युनिस्टांशी लढतो म्हणणारा देश अमेरिकन मालमत्तेला सुरुंग लावताना सापडला, आणि ती वाचवली अंगोलाच्या मार्क्सवादी सरकारने. एवढ्या एका प्रसंगावर 'दोन गट' ही सगळी मांडणी लंगडी पडते.

बाजू बदलणं फक्त अंगोलात झालं का?

त्याहून अजब प्रकार आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे खंडाच्या ईशान्य टोकाला झाला. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी अमेरिकेचा जुना मित्र, अस्मारात अमेरिकेचं टेहळणी केंद्र. शेजारी सोमालिया सोव्हिएत संघाचा मित्र, बर्बेरा बंदरात सोव्हिएत तळ. १९७४ मध्ये सम्राट गेला आणि डाव्या लष्करी अधिकाऱ्यांचं राज्य आलं. मॉस्कोला वाटलं, आता दोन्ही शेजारी आपलेच. पण सोमालियाच्या सियाद बारे यांना इथिओपियातला सोमाली वस्तीचा ओगादेन हवा होता. जुलै १९७७ मध्ये त्यांनी फौज घुसवली.

मॉस्कोने मोठा देश निवडला. नोव्हेंबरमध्ये बारे यांनी सोव्हिएत सल्लागारांना हाकललं. मग सोव्हिएत विमानांनी इथिओपियात शस्त्रांचा पूर आणला, क्युबाचे हजारो सैनिक आले, आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी स्वतःच घडवलेल्या सोमाली सैन्याला हरवण्याची योजना आखली. हवेत इथिओपियाची अमेरिकन एफ-५ विमानं सोमालियाची सोव्हिएत मिग पाडत होती. मार्च १९७८ मध्ये ओगादेनच्या वाटेवरचं जिजिगा शहर इथिओपियाकडे परत गेलं. बारे यांचं तेलही गेलं, तूपही गेलं. १९८० मध्ये बर्बेरा अमेरिकेला वापरायला दिलं, एवढंच धुपाटणं हाती राहिलं.

क्विटो क्वानावालेची लढाई कोण जिंकलं?

हवानात विचारलं तर क्युबा, प्रिटोरियातल्या जुन्या लष्करी अधिकाऱ्यांना विचारलं तर ते. १९८७ मध्ये सोव्हिएत सल्लागारांच्या योजनेनुसार अंगोलाचं सैन्य साविंबींच्या मुलखाकडे निघालं आणि लोंबा नदीवर दक्षिण आफ्रिकेने त्याची धूळधाण केली. मागे हटलेलं सैन्य क्विटो क्वानावालेत अडकलं. कास्त्रोंनी कुमक पाठवली, ते गाव पडलं नाही, आणि क्युबन तुकड्या नैर्ऋत्येकडून नामिबियाच्या सीमेपर्यंत सरकल्या.

माझ्या मते निकाल रणांगणापेक्षा करारात शोधावा. २२ डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिकेने सह्या केल्या. दक्षिण आफ्रिका नामिबिया सोडेल, क्युबा अंगोला सोडेल. अमेरिकेचे मुत्सद्दी चेस्टर क्रॉकर आठ वर्षं याच देवाणघेवाणीच्या मागे होते, आणि गोर्बाचेव्ह यांना खर्च आवरायचा होता. मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला.

शीतयुद्ध संपलं, तरी युद्ध २००२ पर्यंत कसं चाललं?

१९९१ मध्ये क्युबन सैनिक गेले, बिसेसचा शांतता करार झाला. सप्टेंबर १९९२ मध्ये निवडणूक झाली. देखरेखीला संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक सुमारे ३५०, देश महाराष्ट्राच्या चौपट. नेतोंनंतर एमपीएलएचे नेते झालेले दुश सान्तुश यांना ४९.६ टक्के, साविंबींना सुमारे ४० टक्के. पन्नास टक्क्यांचा टप्पा हुकल्याने दुसरी फेरी व्हायला हवी होती. साविंबींनी घोटाळ्याचा आरोप केला, लुआंडात युनिटाच्या समर्थकांची कत्तल झाली, आणि युद्ध आधीपेक्षा भीषण होऊन परतलं.

आता पैसा महासत्तांचा नव्हता. सरकारकडे तेल, युनिटाकडे ईशान्येतले हिरे. १९९८ मध्ये सुरक्षा परिषदेने युनिटाच्या हिऱ्यांवर बंदी घातली. मुंबई आणि सुरतेतल्या व्यापाऱ्यांना कच्च्या हिऱ्यांबरोबर आज जे किंबर्ली प्रमाणपत्र (हिरे बंडखोरांच्या युद्धासाठी विकलेले नाहीत याचा दाखला) लागतं, त्याच्या मागे सिएरा लिओनइतकंच अंगोलाचंही युद्ध आहे. २२ फेब्रुवारी २००२ रोजी मोशिको प्रांतात साविंबी सैन्याच्या हातून मारले गेले. सहा आठवड्यांत युद्धबंदी झाली.

म्हणजे महासत्ता नसत्या तरी युद्ध झालंच असतं?

भांडण झालं असतं, हाणामारीही. सत्तावीस वर्षं नाही. बाहेरच्यांनी भांडण लावलं हे म्हणणं मला पटत नाही. रॉबर्टो, नेतो, साविंबी हे कुणाच्या हातातलं बाहुलं नव्हते आणि प्रत्येकाने आपल्या आश्रयदात्याला चांगलंच वापरून घेतलं. पण हरणाऱ्याला तडजोडीला बसावं लागतं, हा साधा नियम बाहेरच्या मदतीने मोडीत काढला. ज्याचा दारूगोळा संपत आला त्याला दर वेळी कुणीतरी नवा पुरवला. जमिनीत पेरलेले सुरुंग तर कुठल्याही कराराला जुमानत नव्हते.

भारत कुठे बसतो यात?

अलिप्त असूनही अगदी बाहेर नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार आणि डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागराकडे आलेली अमेरिकेची 'एंटरप्राइज' युद्धनौका, हा आपला अनुभव. फरक असा की बांगलादेशचं युद्ध दोन आठवड्यांत संपलं. नव्वदच्या दशकात भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून अंगोलात गेले होते.

आता अंगोलात काय चाललं आहे?

सत्तेवर अजून एमपीएलएच आहे, मार्क्सवाद १९९० च्या सुमारास सोडलेली. अटलांटिकवरच्या लोबितो बंदरापासून काँगोच्या सीमेपर्यंत जाणारी, सुमारे १,३४४ किलोमीटरची बेंगेला रेल्वे युनिटाच्या हल्ल्यांनी बंद पडली होती. ती चीनच्या पैशाने आणि चिनी कंपन्यांनी पुन्हा बांधली. आता त्याच मार्गाने काँगोचं तांबं आणि कोबाल्ट पश्चिमेकडे न्यावं म्हणून अमेरिका कर्ज देते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बायडन अंगोलाला गेले, अमेरिकेच्या अध्यक्षाची ती पहिलीच भेट. लुआंडाचं सरकार दोघांशीही गोड बोलतं आणि दोघांकडूनही कर्ज घेतं.